मागच्या खोलीतली मालगाडी

४ जुलै

वन्सं, नमस्कार.

घोटा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? तुमचे भाऊ रोज विचारतात, पण मला. तुम्हाला पत्र लिहायला त्यांना सवड नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे.

तुम्ही थंडीच्या आत तुमच्या दोन खोल्या बंद करून कायमच्या आमच्याकडे यायचं, हे मार्चमध्येच ठरलं. मागची खोली तुमची, हेही ठरलं. पण आज त्या खोलीत पाऊल टाकायला जागा नाही. तुमच्या भावाने तिथे मालगाडी आणून ठेवली आहे.

खेळण्यातली. एकेक डबा वीतभरसुद्धा नाही. पत्र्याचे, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, कुणाच्या तरी मुलांनी आपटून आपटून टाकून दिलेले. कोळशाचे उघडे, तेलाच्या टाकीचे, गुरांचे फटीफटींचे. एकाला चाक नाही, एकाचा आकडा तुटका, एकाच्या तळाला खिळ्याने ‘माझा’ असं कोरलेलं. तुमचा पाय मोडला तेव्हा हे तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा तुमच्या गावच्या रविवारच्या बाजारात त्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे यांना पहिला डबा मिळाला. तेव्हापासून तो पोस्टाने पाठवतो आणि हे घेतात. खोका नसलेला आणि मोडका डबाच घ्यायचा, कारण तो स्वस्त. एका डब्याला एका हजामतीपेक्षा जास्त द्यायचं नाही, असा यांचा नियम आहे. हजामतीचा खर्च यांना कुठे उरलाय ते तुम्हाला माहीत आहे.

मी विचारलं, “इंजिन कुठंय?”

“इंजिन महाग असतं.”

“मग ही गाडी चालणार कशी?”

“चालवायचीय कुणाला?”

सिमेंटच्या कारखान्यात चाळीस वर्षं रवानगी खात्यात काढली, म्हणतात, चाळीस वर्षं भरलेले डबे पाठवले आणि एकही परत येताना पाहिला नाही. आता परत येतायत तर येऊ दे. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे मला लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर कळलं. घरात एक पुरेशी होती.

जगात हे फक्त तुम्हाला घाबरतात. तेव्हा एक कडक पत्र लिहा. खोली रिकामी झाल्याशिवाय मी तुम्हाला कुठे झोपवू?

तुमची
धाकटी


११ जुलै

धाकटे, आशीर्वाद.

घोटा बरा आहे. कठडा धरते. चौतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून मी लोकांना औषधं दिली आणि सूचना पाळा म्हणून सांगितलं. स्वतः पाळते.

ढब्बूला वेगळं पत्र लिहिलं आहे. कडक आहे. चौसष्टाव्या वर्षी खेळण्यांवर पैसे घालवणं, बायकोला अडचण करणं, खोलीत धूळ साठवणं, तिन्हींचा समाचार घेतला आहे.

तथापि एक सांगते. कोणतंही औषध एकदम बंद करू नये. मात्रा हळूहळू उतरवावी, नाहीतर रोगी दगावतो. ढब्बूला निवृत्त होऊन दीडच वर्ष झालंय. तू त्याच्या मागे लागू नकोस. खोली रिकामी करण्याची घाई नाही. थंडीच्या आतच यायला हवं असं थोडंच आहे? थंडीनंतर उन्हाळाही असतो.

तेलाच्या टाक्यांना ओलं फडकं लावू नकोस. छाप निघतो.

तुझी
ताई


९ ऑगस्ट

वन्सं, नमस्कार.

तुमचं कडक पत्र यांनी दोनदा वाचलं. “ताईचं अगदी बरोबर आहे,” म्हणाले. खोलीतला एक डबा उचलून कपाटावर ठेवला. मला वाटलं, सुरुवात झाली. चौथ्या दिवशी पार्सल आलं, त्यात सहा डबे.

मग दर आठवड्याला पार्सल. तुमच्या गावच्या त्या घड्याळजीला काय झालंय कळत नाही. त्याने भाव निम्म्यावर आणलाय. हे म्हणतात, “मी पत्रातून घासाघीस केली, शेवटी नमला बिचारा.” छाती अशी पुढे काढून फिरतात की विचारू नका. पोस्टमन आता बेल वाजवत नाही, फाटकातून “स्टेशन आलं” असं ओरडतो.

तुमचा पलंग भिंतीला उभा केलाय. त्या जागी सुताराच्या घोड्यांवर जुनी दोन दारं आडवी टाकून त्यांवर रूळ मांडलेत. डबे रांगेत उभे. हे हाताने ढकलतात, जोडतात, सोडवतात, आणि मधूनच तोंडाने काहीतरी आवाज करतात. मी आत गेले की आवाज बंद होतो आणि हे खोकतात.

परवा सदऱ्याला बटण लावायला डबी काढली तर डबी हलकी. गेले खोलीत. कोळशाचे सगळे डबे काठोकाठ भरलेले.

“ही माझी बटणं.”

“कोळसा आहे तो. काळी तेवढीच घेतलीत.”

“आणि तुमच्या कोटाला काय लावू?”

“पांढरी राहिलीत की.”

एक मात्र मान्य करते. घड्याळजी टापटिपीचा दिसतो. आधी मळके डबे यायचे, आता लख्ख पुसलेले येतात, स्पिरिटचा वास असतो त्यांना.

वन्सं, थट्टा सोडा. मला खरी काळजी लागली आहे. तुम्ही आला नाहीत तर यांना कुणी काही म्हणणार नाही. लोक म्हणतील, भावजयीनेच नणंदेला घरात येऊ दिलं नाही. माझ्या नावाने खडे फोडतील. तुम्हीच काहीतरी करा.

तुमची
धाकटी


१६ ऑगस्ट

धाकटे,

लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस. लोक मला दवाखान्यात रोज काय काय म्हणत होते. मी जिवंत आहे.

डबे मोजत बसू नकोस, त्रास वाढतो. ढब्बूला पुन्हा लिहीन, पण सध्या तो सर्दीने हैराण आहे असं त्याच्या पत्रावरून दिसतं. बरा होऊ दे.

वेगळ्या पाकिटातून काळी बटणं पाठवली आहेत. ढब्बूच्या कोटासाठी. ती तरी कुलपात ठेव.

ताई


२ सप्टेंबर

वन्सं,

बटणं मिळाली. ज्या दिवशी मिळाली त्याच दिवशी घड्याळजीचंही पार्सल आलं. हे दाढी करत होते म्हणून मी फोडलं. आत गुरांचे दोन डबे, आणि सुटी चाकं वेगळी, पांढऱ्या कागदाच्या पुडीत. मी तुमची बटणांची पुडी शेजारी ठेवली आणि बघतच बसले.

गोंद नाही, दोरा नाही. कागद चौकोनी, कडा तीनदा दुमडलेली, एक टोक दुसऱ्याच्या खिशात खोचलेलं. उलटी धरून हलवली तरी कण सांडत नाही. अशी पुडी घड्याळजी बांधत नाही, वन्सं. मी नवी नवरी असताना तापात पडले होते तेव्हा तुम्ही मला अशाच पुड्या पाठवल्या होत्या. त्या कशा उघडायच्या ते मला कळेना म्हणून मी एक फाडली, आणि त्यावरून तुम्ही मला लिहिलेलं पत्र अजून आठवतंय.

म्हणजे मी तुम्हाला आवरायला सांगत होते आणि पुरवठा तुमचाच. कुंपणच शेत खात होतं.

दोन दिवस मी विचार करतेय, की यांना खोलीभर डबे पाठवून तुम्हाला काय मिळतं. आणि मग कळलं. खोली भरलेली राहिली की तुम्हाला यायला नको.

यांना मी काही सांगितलेलं नाही. पण तुम्ही मला सांगा. इतकी वर्षं मी तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही, तुमच्याशी कधी वर तोंड करून बोलले नाही. माझं काय चुकलं?

धाकटी


८ सप्टेंबर

धाकटे,

तुझं काही चुकलेलं नाही. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण तू पत्रं मधूनच वाचायला घेतेस.

तू ओळखलंस ते बरोबर आहे. घड्याळजीकडे दर रविवारी मी जाते. ढब्बूला दिसतो त्या भावाच्या वरचे पैसे मी भरते. एवढंच करून थांबले असते तर तुला कधी कळलं नसतं. पण तो मनुष्य डबे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, वरून सुतळी आवळतो आणि झालं म्हणतो. पहिल्याच पार्सलातल्या एका डब्याचा आकडा वाकलेला मी डोळ्यांनी पाहिला. माझ्यासमोर माल अशा अवस्थेत बाहेर जाऊ देणं मला जमलं नाही. “सरका,” म्हटलं, “मी बांधते.” मग पुसायलाही लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता कारण. माझा पाय दोरीने वर टांगलेला होता तेव्हा ढब्बूने खाटेशी बसून सगळं ठरवून टाकलं. आईला शेवटी शब्द दिला होता म्हणाला, की ताईला एकटी पडू देणार नाही. पाय टांगलेल्या माणसाला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. नंतर म्हणायला गेले तर तो इतका खूष होता, की माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी आयुष्यभर रोग्यांना तोंडावर सांगत आले, की हे औषध कडू आहे, घ्या. स्वतःच्या भावाला सांगायची वेळ आली तर पळवाट शोधली. खोलीत जागाच नसली तर कुणाचा दोष नाही, असा माझा हिशेब.

मला इथे राहायचं आहे. दोन खोल्या आहेत, तिसरी नको. सकाळी उठल्यावर मी कुणालाही न विचारता खिडकी उघडते. रेडिओ हवा तेवढा मोठा लावते. पलंगावर तिरकी झोपते. तुमच्याकडे मला कुणी त्रास देणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. उलट तुम्ही दोघं मिळून माझी इतकी काळजी घ्याल, की वर्षभरात मी म्हातारी होईन.

ढब्बूला सांगू नकोस. त्याला वाटेल, आपण आईच्या शब्दात कमी पडलो. तो तसा बोलत नाही, पण आत कुढतो.

ताई


१३ सप्टेंबर

वन्सं,

आधी रडले, मग हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. या वेळी पहिल्या ओळीपासून.

आता माझंही ऐका. मला तुमची धास्ती वाटत होती. मागे तुम्ही पंधरा दिवस राहून गेलात तेव्हा स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवून गेलात. मिठावर ‘मीठ’. ते मीठ आहे हे मला माहीत होतं, वन्सं. लग्न झाल्यापासून माहीत होतं. तुम्ही येणार म्हणून मी यांना खोली रिकामी करा म्हणत होते, आणि संध्याकाळी ती रिकामी झाली नाही की मला बरं वाटत होतं. मग बरं वाटल्याची लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी मी दुप्पट जोराने यांच्या अंगावर जायची. एवढं आठवून बघा आणि माझी आधीची पत्रं पुन्हा वाचा.

तेव्हा आता आपलं ठरलं. मी यांना डब्यांवरून अवाक्षर बोलणार नाही. तुम्ही पार्सलं चालू ठेवा. थंडी येईल आणि जाईल. चाकं कमी पडली तर कळवते.

धाकटी


२७ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कारण वाचलंस की रागावणार नाहीस.

गेले दोन आठवडे ही डब्यांबद्दल काही बोलत नव्हती. आधी मला बरं वाटलं. मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मग भीती वाटायला लागली. बोलणारं माणूस गप्प झालं की घरात काहीतरी बिघडलेलं असतं. परवा तर ती चहा घेऊन मागच्या खोलीत आली आणि आपणहून विचारलं, “गुरांच्या डब्याला चाक बसलं का हो?” ताई, माझ्या हातातला पाना खाली पडला. त्याच क्षणी मी ओळखलं, ही बाई खचली. तुझी खोली माझ्या खेळण्यांनी अडवली, तिने सांगून पाहिलं, तू लिहून पाहिलंस, मी ऐकलं नाही, आणि तिने हाय खाल्ली.

रात्रभर विचार केला आणि सकाळी सगळे डबे खोक्यांत भरले. रूळ काढले. गार्डाचा डबा शेवटी भरला, तो शेवटीच जायचा असतो. सगळं घड्याळजीला परत पाठवलं. तुला वाटेल ते दे, म्हणून लिहिलं. स्टेशनवर पार्सल खिडकीत सरकवताना थोडा वेळ हात सुटेना. चाळीस वर्षं हेच काम केलं, तेव्हा कधी असं झालं नव्हतं.

खोली झाडून पुसून घेतली. पलंग टाकला. तुझा पाय टेकायला स्टूल केलं, उंची मापून. हिला दाखवलं तर ती दाराशी उभी राहून नुसती बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं. मी हे आधीच करायला हवं होतं.

येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. जड वस्तूंना हात लावू नकोस, मी बांधीन.

तुझा
ढब्बू


३० सप्टेंबर

ढब्बू,

टेम्पो आणू नकोस. आधी सांगून ठेवला असशील तर हे पत्र मिळताच रद्द कर आणि मग पुढचं वाच.

मला तुझ्याकडे राहायला यायचं नाही. मला माझ्या घरी राहायचं आहे. हे वाक्य लिहायला मला मार्चपासून सप्टेंबर लागला, हा दोष माझा. तुझा नाही आणि धाकटीचा तर मुळीच नाही. ती खचलेली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी कशाचं होतं ते तिलाच विचार.

घड्याळजी तुला स्वस्त डबे देत नव्हता. वरचे पैसे मी देत होते. खोली भरलेली राहावी म्हणून. रागवायचं असेल तर इथे येऊन समोर रागव. पत्रातून रागावलास तर मी शुद्धलेखन तपासत बसेन आणि राग पोचणार नाही.

आता आईचं. तू तिला शब्द दिलास तेव्हा मी त्याच खोलीत होते, कोपऱ्यात औषध मोजत. तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलत होतात आणि मला कुणीच विचारलं नाही. तेव्हा मी बोलले नाही, कारण ती जात होती. आज विचार. मी एकटी पडलेली नाही. मी एकटी राहते. पडले ती एकदाच, जिन्यावरून, आणि तू पुढच्या गाडीने धावत आलास. शब्द पाळायचा तो तिथे पाळलास. त्याच्या पुढचं मला नको आहे.

तुझं पार्सल घड्याळजीने न उघडताच माझ्याकडे आणून टाकलं. म्हणाला, “बाई, हा माल तुमचाच, मी मधे कशाला?” तुझ्या गाठी सोडवताना कात्री बोथट झाली. डबे तू भरलेल्या क्रमानेच मी बाहेरच्या खोलीत कपाटावर मांडले आहेत, चारही कडांनी. दोन दिवस येता-जाता बघते आहे. कोळशाच्या रांगेत टाकीचा डबा तू मधेच का घुसवलास, ते मला कळत नाही. मी तो हलवला आहे. पटत नसेल तर येऊन सांग.

चार दिवस राहायला ये. पाचव्या दिवशी जा.

ताई


१२ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र यांनी उभ्यानेच वाचलं. मग बसले. जेवताना एकदाच म्हणाले, “तिला विचारलं नव्हतं, हे खरं.” मग मी सगळं माझंही सांगून टाकलं, बरण्यांचंसुद्धा. ऐकून घेतलं. सकाळी उठले ते मात्र भलत्याच गोष्टीवर चिडलेले.

“म्हणजे घासाघीस माझी नव्हतीच?”

“नव्हती.”

“मी त्याला सहा पत्रं लिहिली भावासाठी.”

“त्याने ती वन्संना वाचून दाखवली असतील.”

“तरी मला वाटलंच,” म्हणाले, “इतका कुणी नमत नाही.” आणि खूप दिवसांनी हसले.

शनिवारी येतायत. टेम्पो नाही, एक पिशवी. टाकीचा डबा मधे का, हे सांगायचं त्यांनी आतापासून मनाशी जुळवून ठेवलंय; मला दोनदा ऐकवून झालं, मला पटलं नाही, तुम्ही बघा. चार दिवस कबूल आहेत. पाचव्या दिवशी निघतील याची हमी मी देत नाही. न निघाले तर खिडकी उघडताना त्यांना विचारू नका, म्हणजे निघतील.

आता खोलीचं. हे म्हणाले, “रिकामीच आहे तर पाहुण्यांची करू.” मी म्हटलं, पाहुणे बाहेरच्या खोलीत झोपतील. “मग सामान ठेवू.” मी म्हटलं, नको. या घरात यांची खुर्ची आहे, यांचं टेबल आहे, यांचं कपाट आहे. माझं स्वयंपाकघर आहे म्हणतात सगळे, पण तिथे ज्याला भूक लागते तो येतो. मी सुताराला बोलावून मागच्या खोलीला कडी बसवून घेतली. तो म्हणाला, “बाहेरून ना?” म्हटलं, आतून.

काल दुपारी पहिल्यांदा आत जाऊन लावून घेतली. थोड्या वेळाने हे आले.

“आत काय करतेस?”

“काही नाही.”

“मग दार कशाला लावलंयस?”

“काही करत नाही म्हणूनच.”

जरा वेळ दाराबाहेर उभे होते, पावलं दिसत होती फटीतून. मग स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला, शेगडी पेटल्याचा झाला, एक झाकण पडलं. चहा झाला असावा. कसा झाला ते मला माहीत नाही. मी बाहेर गेले नाही.

तुमची
धाकटी